जुन्या पिकअप गाडीचा अस्सल जॅक ओळखावा कसा?

आपल्या प्रांतांत असे बागाईतदार आजही आढळतात, कीं ज्यांच्या वाड्यांत किंवा गोठ्याशेजारच्या पडवींत आजोबांच्या वेळची एखादी अमेरिकन पिकअप गाडी झांकून ठेवलेली असते. मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं गाड्या जोडण्याचें काम सुरू केलें. फोर्ड कंपनीच्या गाड्याही मुंबईंत जोडल्या जात. आणि दुसरें महायुद्ध संपल्यावर विलिसच्या जीपगाड्यांची त्यांत भर पडली. शेव्हरोले व फोर्ड यांचे हे कारखाने १९५० नंतरच्या दशकांत बंद झाले, पण कांहीं गाड्या मात्र मागें राहिल्या. अशी गाडी पुन्हां चालती करावयाची म्हटली म्हणजे इंजिन उघडलें जातें, पत्रा ठोकला जातो, रंग होतो, गादी नवी होते, आणि सर्वांत शेवटीं जॅकची आठवण होते. मग जुन्या बाजारांतून ‘अस्सल’ म्हणून एक लोखंडी वस्तु आणून आसनाखालीं ठेवतात. तिची पहिली परीक्षा भर रस्त्यावर टायर बसल्यावर होते. त्या परीक्षेंत जॅक उतरला नाहीं तर केवळ पैसेच गेले असें होत नाहीं. टनावारी लोखंड माणसाच्या हातावर येतें. यासाठीं या विषयाचा थोडा तपशीलवार विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अस्सल जॅक रंगावरून ओळखूं जाऊं नये आणि नांवावरूनही ओळखूं जाऊं नये. तो प्रथम मापावरून ओळखावा; पुस्तक, शिक्के व ठेवण्याची जागा यांची साक्ष त्यानंतर घ्यावी. माप जुळलें नाहीं तर बाकीच्या साक्षी कितीही गोड असल्या तरी त्या फोल होत.

नांवाविषयीं प्रथम सांगतों, कारण फसगत तेथेंच फार होते. ‘शेव्हरोलेचा जॅक’ म्हणून विकणारा त्यावर शेव्हरोलेचें नांव दाखवूं पाहतो, व तें नसलें तर घेणारा नाक मुरडतो. वस्तुतः मोटारी करणाऱ्या कंपन्या जॅक बहुधा स्वतः करीत नसत. विस्कॉन्सिन संस्थानांतील रॅसीन येथील वॉकर कंपनी, मिशिगनमधील ऑटो स्पेशालिटीज म्हणजे ‘ऑस्को’ कंपनी, असे जॅकचे धंदेवाईक कारखाने अमेरिकेंत होते व मोटारवाले त्यांच्याकडून माल घेत. एकच भाग दोन-दोन कारखान्यांकडून घेण्याची रीतही मोटारधंद्यांत रूढ होती. त्यामुळें एका सालच्या एकाच गाडीस रूपानें थोडे वेगळे असे दोन जॅक, आणि ते दोन्ही अस्सल, असें होऊं शकतें. उलट याच कारखान्यांचे जॅक दुकानांतून कोणासही मिळत. तेव्हां वॉकर किंवा ऑस्को हें नांव आहे म्हणजे तो आपल्याच गाडीचा, असेंही ठरत नाहीं. रंगाची तर गोष्टच बोलावयास नको. काळा रंग डबींत मिळतो.

जॅक शोधण्यापूर्वीं गाडी कोणती हें नक्की करावें. हें सांगणें बाळबोध वाटेल, पण पुष्कळांस आपल्या गाडीचें खरें साल ठाऊक नसतें. नोंदणीच्या पुस्तकांत नोंदणीचें साल असतें, तें बनावटीचें असेलच असें नाहीं. इंजिनावरील आंकड्यावर विसंबूं नये, कारण सत्तर वर्षांत इंजिन एकदां तरी बदललेलें असण्याचा संभव मोठा. गाडीच्या अंगावर ठोकलेली पत्र्याची पट्टी वाचावी. शेव्हरोलेच्या १९४७ ते १९५५ च्या बांधणींत अर्ध्या टनाच्या गाडीची मालिका ३१००, पाऊण टनाची ३६०० व एक टनाची ३८०० अशी आहे. यांचीं तोंडें सारखीं दिसतात. आंस, चाकें व वजनें सारखीं नाहींत. शिवाय ही बांधणी १९५५ च्या आरंभीं संपून त्याच सालीं अगदीं निराळी नवी बांधणी निघाली, त्यामुळें ‘५५ ची शेव्हरोले’ एवढें बोलणें अर्धवट आहे. फोर्डचा अर्ध्या टनाचा एफ-१ हा १९४८ ते १९५२ चा. १९५३ पासून त्याच्या जागीं एफ-१०० आला.

आतां मापाकडे वळूं. जॅकचीं मुख्य मापें दोन: पूर्ण मिटल्यावर तो जमिनीपासून किती उंच राहतो, आणि पूर्ण उघडल्यावर किती उंच जातो. हीं दोन्ही मापें गाडीनेंच ठरवून दिलेलीं असतात, आणि कोणत्याही शेतकऱ्यास तीं आपल्या अंगणांत टेप लावून काढतां येतात. टायर पूर्ण बसला असतां आंसाखालीं जी फट राहते, तींत मिटलेला जॅक शिरला पाहिजे. आणि हवा भरलेली स्टेपनी चढवावयाची तर उघडलेल्या जॅकनें तोच आंस त्याहून पुष्कळ वर नेला पाहिजे. पुष्कळ जॅक पहिल्या अटींतच नापास होतात. घरीं हवा भरलेल्या चाकावर ते सहज आंत जातात, म्हणून मालक संतुष्ट असतो. पंक्चर झाल्यावर मात्र तोच जॅक आंसाखालीं शिरत नाहीं, आणि मग दगड, पहार, चार माणसें अशी यातायात सुरू होते.

उदाहरणादाखल हिशेब करूं. शेव्हरोलेची ३१०० आणि फोर्डचा एफ-१ या दोहोंस ६.००-१६ या मापाचे टायर असत. असा टायर बाहेरून मोजला तर सुमारें २८ इंच व्यासाचा भरतो. भाराखालीं थोडा दबून आंसाचा मध्य जमिनीपासून साधारण साडेतेरा इंचांवर राहतो. मागल्या आंसाची नळी मध्यापासून खालीं दीड इंच धरली तर तिच्या तळाखालीं १२ इंच मिळतात. टायर बसला म्हणजे लोखंडी रिम जवळजवळ जमिनीवर येते. १६ इंची रिमच्या कडा धरून तिची त्रिज्या पावणेनऊ इंचांच्या आसपास, त्यांत चेंगरलेल्या रबराचा एक इंच मिळवावा, व नळीचे दीड इंच वजा करावेत. बाकी सव्वाआठ इंचांच्या आंतबाहेर उरते. म्हणजे अशा गाडीचा जॅक मिटून आठ इंचांहून उंच नसावा, आणि उघडून निदान साडेबारा इंच, जमीन दबण्याची सवलत धरतां १४ इंचांपर्यंत जावा. हे आंकडे हिशेब समजण्यासाठीं दिले आहेत. ज्यानें त्यानें आपल्या गाडीखालीं स्वतः मोजावें. मोजतांना आंसाखालीं पक्के लांकडी ठोकळे ठेवून चाकांतील हवा सोडावी, व जॅकचें डोकें जेथें टेकावयाचें, त्याच जागेपासून माप घ्यावें.

याच हिशेबांतून त्या काळच्या जॅकची बांधणीही उलगडते. आठ इंचांच्या देहांतून सहा इंचांची उचल काढावयाची आहे. देहांतील कांहीं भाग बैठकीस व डोक्यास जातो, आणि मळसूत्राचे कांहीं आटे शेवटपर्यंत नटांत अडकलेले राहिलेच पाहिजेत. म्हणून एकाच मळसूत्राच्या जॅकला ही उचल पेलत नाहीं. यासाठीं एका मळसूत्राच्या पोटांत दुसरें मळसूत्र बसविण्याची युक्ति निघाली. असा जॅक फिरवूं लागलें म्हणजे दुर्बिणीच्या नळीप्रमाणें एकांतून एक बाहेर येतो. तळाशीं तिरप्या दातांचीं दोन चाकें असतात; दांडा बाहेरून आडवा फिरविला असतां तीं मळसूत्रास उभ्या आंसाभोंवतीं फिरवितात. हलक्या पिकअप गाड्यांबरोबर आंसाखालीं लावावयाचे मळसूत्री जॅक बहुतकरून मिळत. मळसूत्राचा मोठा गुण हा, कीं आट्यांचा चढ अल्प असल्यामुळें दांडा सोडला तरी ओझें आपल्या बळानें खालीं येत नाहीं. तेलाच्या जॅकमध्यें हें आश्वासन नाहीं. त्याचें वायसर झिजलें कीं तो हळूहळू बसूं लागतो. तेलाचा जॅक कांहीं नवी चीज नव्हे. न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजननें हातांतून नेण्याजोग्या जलदाबयंत्राचें पेटंट १८५१ सालींच घेतलें होतें. पण अर्ध्या टनाच्या जुन्या गाडीबरोबर तेलाचा जॅक ‘मूळचा’ म्हणून कोणी देऊं लागला, तर पुस्तकाचा पुरावा मागावा.

बंपरला आंकडा लावून उचलण्याचा जॅक हा जुन्या बाजारांत फार आढळतो. एक उभा दातेरी खांब, खालीं पत्र्याची बैठक, व खांबावर चढणारा आंकडा, असें त्याचें रूप. हा मोटारकारचा सोबती होय, आणि तो पिकअपच्या गळ्यांत बांधणाऱ्यास त्याचें कारण विचारावें. गाडी बंपरनें वर घेतली म्हणजे आधीं सांगाडा वर जातो. पाटे मोकळे होत होत सैल पडतात, आणि चाक तोंवर जमिनीसच चिकटून राहतें. पाट्यांची ही सारी सैल ओढून घेतल्यावर मगच चाक सुटतें. म्हणून त्या जॅकला खांब लांब लागतो, व तितकी गाडी डगमगते. आंसाखालीं जॅक लावला तर पाट्यांचा प्रश्न येत नाहीं. पहिल्या इंचापासून चाकच उचललें जातें. ओझ्याच्या गाडीस, जिचे पाटे कडक व जिच्यावर माल भरलेला, आंसाचा जॅक योग्य आहे तो याच कारणानें. इंडियाना संस्थानांतील ब्लूमफील्ड येथें १९०५ पासून होणारा ‘हाय-लिफ्ट’ नांवाचा उंच दातेरी जॅक अमेरिकेंतील शेतकऱ्यांचा मोठा आवडता. कुंपणाचे खांब उपटण्यापासून सर्व कामांस तो येतो. तो जुना असेल, उपयोगी असेल, पण म्हणून तो गाडीबरोबर आलेला जॅक ठरत नाहीं. त्याचा दांडा गाडी उतरवितांना उसळून जबड्यास लागतो, हेंही घेणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

डोक्याचा आकार पाहावा. मागल्या आंसाची नळी गोल असते, तर या गाड्यांच्या पुढल्या आंसाची घडण रुळासारखी असून तळ सपाट असतो. दोहोंस चालेल असें डोकें बहुधा मधोमध किंचित् खोलगट व दोन्ही कडांनीं उंच असतें. नुसतें गुळगुळीत सपाट डोकें गोल नळीखालीं ठेवणें म्हणजे अंड्यावर पाट ठेवण्यासारखें आहे. डोक्याभोंवतीं झाळकामाची जाड रेघ दिसली तर तें मागाहून चिकटविलेलें समजावें व तो जॅक खालीं ठेवून पुढें चालावें.

एकाच टायरच्या दोन गाड्यांस एकच जॅक लागतो, अशी समजूत करून घेऊं नये. विलिसच्या सी.जे. जातीच्या जुन्या जीपगाड्यांसही ६.००-१६ चेच टायर असत; परंतु त्यांचे पाटे आंसाच्या खालून बांधलेले आहेत. पाट्याच्या पट्टीखालीं जॅक लावूं गेलें तर शेव्हरोलेपेक्षां जागा तितकी कमी मिळते. शेजाऱ्याच्या गाडीस चालला एवढ्यावरून आपला जॅक घेणारे लोक येथें फसतात.

शक्तीचाही हिशेब असाच डोळसपणें करावा. ‘अर्ध्या टनाची गाडी’ हें नांव ती किती माल नेते यावरून पडलें आहे. अर्ध्या टनाचा जॅक तिला पुरतो, हा अर्थ त्यांत मुळींच नाहीं. एफ-१ चें भारासहित वजन ४,७०० पौंड, म्हणजे २,१३० किलोच्या आसपास ठरविलेलें होतें. भरलेल्या गाडीचा सुमारें तीन-पंचमांश भार मागल्या आंसावर येतो असें धरलें, तर एका बाजूस साडेसहाशे किलो पडतात. चढउतारावर, रुतलेल्या चाकास किंवा तिरकस ओढ लागल्यास जोर त्याहून अधिक. दीड टनाचा जॅक अशा गाडीस पुरून उरतो.

कागदोपत्रीं पुरावा दोन ठिकाणीं सांपडतो. गाडीबरोबर मालकास मिळणाऱ्या माहितीपुस्तकांत चाक बदलण्याचें प्रकरण असतें. पुष्कळ वेळां जॅकची आकृति व तो कोठें टेकावा हें त्यांत दिलेलें असतें. दुसरें पुस्तक म्हणजे कंपनीची सुट्या भागांची सूची. या दोहोंच्या नकला अलीकडे पुन्हां छापून मिळतात, व कांहीं इंटरनेटवर पाहावयासही मिळतात. जनरल मोटर्सचे भागक्रमांक म्हणजे नुसती आंकड्यांची रांग असते. सूची उघडल्यावांचून त्यांचा अर्थ लागत नाहीं. फोर्डचे क्रमांक बोलके आहेत. मधला आंकडा भागाची जात सांगतो, व जॅकची जात १७०८० ही होय. त्यापूर्वीचीं अक्षरें गाडी व काळ सांगतात: १९४८ च्या एफ-१ साठीं निघालेल्या भागांपुढें ‘८सी’ असें येतें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत पद्धति बदलली. पहिलें अक्षर दशकाचें व त्यापुढचा आंकडा वर्षाचा झाला. ‘बी’ म्हणजे १९५० चें दशक आणि ‘सी’ म्हणजे १९६० चें. यामुळें ‘८सी’ आणि ‘सी८’ यांत वीस वर्षांचें अंतर पडतें. पहिला १९४८ चा, दुसरा १९६८ चा. बाजारांत कोणी बोट ठेवून ‘आठ-सी’ म्हणूं लागला तर अक्षर आधीं आहे कीं आंकडा, हें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. आणखी एक गोष्ट: लोखंडावर ओतलेला आंकडा व सूचींतील विक्रीचा आंकडा नेहमीं सारखे नसतात, तेव्हां एवढ्याच कारणानें चांगला जॅक टाकून देऊं नये. मात्र आंकडा ताजा ठोकलेला, त्याच्या कडा धारदार, व भोंवतालचा गंज खरवडलेला दिसला, तर तो आंकडा गाडीपेक्षां आपल्या खिशासाठीं ठोकलेला आहे असें जाणावें. कांहीं जॅकांवर महिना व साल यांचा शिक्का असतो. तो गाडीच्या बनावटीच्या थोडा आधींचा असावा, नंतरचा असूं नये. येथें हें स्मरावें कीं, अमेरिकेंत नव्या सालची गाडी पुष्कळदां आदल्या सालच्या शरदांतच बाहेर पडे.

गाडी स्वतःही साक्ष देते. आसनाखालीं व आसनामागें हात घालून जुनी पट्टी, फुलपांखरी नट, खुंटी किंवा जॅकच्या बैठकीनें रंगावर उठलेला वण आहे काय तें रंगकाम होण्यापूर्वीं पाहावें. एकदां वाळूचा मारा होऊन रंग चढला कीं हा पुरावा कायमचा गेला. शेव्हरोलेच्या या बांधणींत १९४९ पासून पेट्रोलची टांकी आसनामागें आली, त्यामुळें आंतल्या जागेची वांटणी सालागणिक सारखी नाहीं, हेंही जाणून असावें.

जॅक योग्य ठरला तरी तो वापरण्याजोगा आहे कीं नाहीं हा प्रश्न उरतोच. बैठक ओतीव असेल तर रॉकेलनें धुऊन तडा पाहावा. मळसूत्र पूर्ण बाहेर काढून आटे तपासावेत; आट्याचा माथा सुरीसारखा पातळ झाला असेल तर तो जॅक गाडीस लावूं नये. पूर्ण उघडलेलें मळसूत्र हातानें हलवून पाहावें. थोडी ढील असते, पण डुलूं लागला तर तो झिजला. आटे तारेच्या ब्रशानें साफ करून ग्रीस लावावें. कानशीनें दुरुस्त करण्याचा उद्योग करूं नये. असा झिजलेला अस्सल जॅक आसनाखालीं त्याच्या जागीं शोभेस ठेवावा, आणि कामासाठीं नवा तेलाचा जॅक निराळा बाळगावा. मिटलेली उंची मोजून घेतली कीं त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. अस्सलपणाच्या हौसेपायीं मोडका जॅक वापरणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

जॅक लावतांना तिरकस कोपऱ्यांतील चाकाच्या पुढेंमागें दगडांची अडकण द्यावी. जीपवाल्यांनीं तर यांत कसूर करूंच नये. त्या जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून मागें जाणाऱ्या दांड्यावर असतो. मागलें एक चाक उचललें कीं डिफरन्शियलमुळें तें चाक मोकळें फिरूं शकतें, आणि जमिनीवर टेकलेलें दुसरें चाकही त्यासरशीं सुटतें. हातब्रेक ओढलेला असून गाडी चालूं लागते. गिअर घालून ठेवला तरी याच कारणानें उपयोग होत नाहीं. काळ्या जमिनींत जॅकखालीं निदान फूटभर चौरस जाड फळी द्यावी, नाहीं तर गाडी वर जाण्याऐवजीं जॅकच खालीं जातो. आणि चाक काढल्यावर आंसाखालीं ठोकळा दिल्यावांचून गाडीखालीं डोकें, हात वा पाय घालूं नये. हा नियम अस्सल जॅकलाही लागू आहे.

राहतां राहिला दांडा. जॅक सांपडतो आणि दांडा हरवलेला असतो, हा नेहमींचा अनुभव. कोठें दांड्याच्या टोंकास आंकडा असून तो जॅकच्या कडींत अडकतो, कोठें चौकोनी टोंक चौकोनी भोंकांत जातें, कोठें चाकाच्या नटांचा पानाच दांड्याचें काम करतो. लोहाराकडून नवा करून घेतां येईल. मात्र लांबी जुन्यासारखी ठेवावी. जॅक आंसाखालीं आणि फिरविणारा माणूस गाडीबाहेर राहील, इतकी ती असली पाहिजे. जॅक विकत घेतांना दांडा त्याच्याबरोबर आहे काय तें विचारावें, आणि असल्यास विकणाऱ्यासमोरच बसवून दहा वेढे फिरवून पाहावे.